गिरगावाच्या पोटातली आगगाडी

आमच्या लहानपणी इंदुरात कोणी "मुंबईला जातो" असे म्हटले, की ऐकणारा मनातल्या मनात "म्हणजे गिरगावात उतरणार" असे समजून घेत असे. दादर, परळ, पार्ले ही नावे कानांवर होती. पण नात्यागोत्याची मुंबई म्हणजे गिरगाव. कोणाची मावशी फणसवाडीत, कोणाचा चुलता मुगभाटात, कोणाचे व्याही ठाकूरद्वारला. ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, गोवा, कोठूनही मराठी माणूस मुंबईस निघाला, की त्याच्या खिशात एक पत्ता असे, आणि त्या पत्त्याच्या शेवटी 'गिरगाव, मुंबई ४' ही अक्षरे बहुधा असत.

आमच्या खिशातला पत्ता आत्याचा होता. रतलामला गाडी बदलून सकाळी बॉम्बे सेंट्रलला उतरायचे, टॅक्सीवाल्याशी वडिलांनी थोडी घासाघीस करायची आणि वाडीच्या तोंडाशी सामान उतरवायचे. पुढे लाकडी जिना, लांबच लांब गॅलरी आणि आत्याच्या दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत आत्याचे सहाजणांचे बिऱ्हाड होते. त्यात आम्ही पाचजण जाऊन पडत असू. पुरुषमंडळींच्या वळकट्या रात्री गॅलरीत पसरत. शेजारच्या बिऱ्हाडातून तांब्याभर दूध न मागता येई. ट्राम नुकतीच, म्हणजे १९६४ च्या मार्चअखेर, बंद झाली होती. आत्येभाऊ आम्हांस तिच्या गोष्टी अशा सांगत, की न पाहिलेल्या ट्रामची घंटाही आम्हांस ऐकू येई.

या आठवणीचा प्रसंग असा, की त्याच गिरगावात आता आगगाडी आली आहे. आणि तीही रस्त्यावरून नव्हे, रस्त्याखालून. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो तीन टप्प्यांत सुरू झाली. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुसरा मे २०२५ मध्ये, आणि ज्यात गिरगाव येते तो शेवटचा टप्पा ९ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रवाशांस खुला झाला. सत्तावीस स्थानकांपैकी आरे तेवढे जमिनीवर. बाकीची सव्वीस पोटात. या हिवाळ्यात मुंबईस जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही ठरवले की या वेळी टॅक्सी करायची नाही. आत्याच्या गावी भुयारातून जायचे.

नानांच्या रस्त्याखाली

मुंबई सेंट्रलच्या भुयारी स्थानकाची पाटी वाचून आम्ही क्षणभर थबकलो. स्थानकाचे नाव 'जगन्नाथ शंकरशेठ'. तेथून दक्षिणेकडे ग्रँट रोड, आणि त्यापुढचे गिरगाव. गाडी आठ डब्यांची, थंडगार आणि स्वच्छ. बसायला जागा मिळाली आणि सूचना नीट मराठीतून ऐकू आल्या. लहानपणी ज्या अंतरात वडील टॅक्सीच्या मीटरकडे तीनदा पाहत, ते अंतर हातातली पिशवी खाली ठेवून पुन्हा उचलेपर्यंत संपले.

नाना शंकरशेठ यांचे नाव या मार्गाला जडावे, हे फार उचित झाले. १८०३ मध्ये जन्मलेले आणि १८६५ मध्ये निवर्तलेले नाना हे गिरगावकर. मुंबईत शाळा, ग्रंथालये आणि सार्वजनिक संस्था उभ्या करणाऱ्या पहिल्या पिढीतले ते अग्रणी. हिंदुस्थानात रेल्वे यावी म्हणून सर जमशेटजी जीजीभाईंच्या बरोबरीने त्यांनी खटपट केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, आणि त्या निमंत्रितांत नाना. पूर्वीच्या गिरगाव रोडला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. काळबादेवी आणि गिरगाव ही दोन्ही भुयारी स्थानके आज त्याच जगन्नाथ शंकरशेठ मार्गाखाली आहेत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी गाडी मुंबईच्या दारात आणली, त्यांच्या अंगणाखालून ती आता धावते आहे.

हे काम मात्र सोपे नव्हते. गिरगावचा रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना शंभरी गाठलेल्या चाळी. वाहतूक बंद करून मोठा खड्डा खणावा, अशी सोय कोठेच नव्हती. दोन स्थानकांमधली बोगद्यांची नळी यंत्रांनी कोरली. संपूर्ण मार्गासाठी अशी सतरा यंत्रे जमिनीखाली उतरवली होती, आणि त्यांना वैतरणा, गोदावरी, कृष्णा अशी आपल्या नद्यांची नावे दिली होती. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी महालक्ष्मीला शेवटचे यंत्र कातळ फोडून बाहेर पडले आणि बोगदे पुरे झाले. परंतु फलाटांची प्रशस्त पोकळी यंत्राने होत नाही. गिरगाव, काळबादेवी यांसारख्या दाटीच्या ठिकाणी ती 'नव्या ऑस्ट्रियन पद्धती'ने खोदावी लागली. या पद्धतीत एका वेळी थोडेच खोदतात. उघड्या पडलेल्या कातळावर लगोलग काँक्रीटचा फवारा मारतात, त्यात लांब पोलादी सळया ठोकून खडक खडकालाच बांधून टाकतात, आणि मगच पुढचे पाऊल टाकतात. वरच्या इमारतींच्या भिंतींवर मापक उपकरणे लावलेली असतात. भिंत केसभर कलली, तरी खाली कळते.

भीती होतीच, आणि ती सर्वांनाच होती. काळबादेवीच्या बाजूस पारशी समाजाचे दोन आतशबेहराम आहेत, एक १८३० चा आणि दुसरा १८९७ चा. भुयार त्यांच्या फार जवळून जाते म्हणून २०१८ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेले, काही महिने तेथील कामास स्थगिती मिळाली, आणि भुयाराची वाट थोडी बाजूला सरकवल्यावर काम पुढे गेले. अग्नीची अखंड ज्योत वर आणि लोखंडी यंत्र खाली, अशा शेजाराने हे स्थानक घडले आहे.

वर आल्यावर

सरकत्या जिन्यांनी आम्ही एकामागून एक मजले वर चढलो. शेवटच्या जिन्याच्या तोंडाशी अप्पा उभे होते. अप्पा म्हणजे आमचे आत्येभाऊ. वय पंचाहत्तरीच्या पुढे. गेली पस्तीस वर्षे ते डोंबिवलीस राहतात. तेथून लोकलने शिवाजी टर्मिनसला येऊन, तेथून दोन स्थानके भुयारातून, असे ते आमच्यासाठी आले होते. आत्याची चाळ आता नाही. तेथे बुरूज बांधावा तशी उंच इमारत आहे, आणि तिच्या दारावरच्या रखवालदाराने आम्हांस कोणाकडे जायचे आहे, असे विचारले. अप्पा त्याला म्हणाले, "कोणाकडेच नाही. नुसते पाहतो आहोत."

मग आम्ही दोघे चालत राहिलो. गिरगाव पायीच पाहावे लागते. फणसवाडी, केळेवाडी, पिंपळवाडी. नावांवरून कळते की हे कधीकाळी बागायतीचे गाव होते. झाडे गेली, नावे राहिली. खोताच्या वाडीत ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी जिन्यांची, सज्जांची बुटकी घरे आहेत. एके काळी ती पासष्टच्या आसपास होती, आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. त्याच्या साध्या मांडवापुढे उभे राहिले, की लोकमान्यांना काय अभिप्रेत होते ते भाषणावाचून कळते. त्याच लोकमान्यांना १ ऑगस्ट १९२० रोजी ज्या वाळूत अग्नी दिला, ती चौपाटी येथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' जेथे लोकांस प्रथम दाखवण्यात आला, ते कॉरोनेशन थिएटर याच गिरगावात होते. आणि केळेवाडीत १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह आहे.

येथे आम्हां बाहेरच्या मराठी माणसांचाही वाटा आहे, हे विसरता येत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावात १९२४ मध्ये जन्मलेला शिवपुत्र कोमकळी नावाचा मुलगा ऑपेरा हाउसजवळ प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीतशाळेत शिकला, आणि पुढे १९४८ मध्ये प्रकृतीसाठी देवासला येऊन राहिला. तेच आमच्या माळव्याचे कुमार गंधर्व. बेळगाव, गिरगावची वेस आणि देवास असा तो प्रवास. गिरगावाने बाहेरून आलेल्यास जवळ केले, घडवले आणि पुन्हा बाहेर दिले. आमच्या घराण्यांतली कितीतरी माणसे अशीच येथे शिकायला आली, कोणाच्या गॅलरीत झोपली, खानावळीत जेवली आणि पदवी घेऊन आपापल्या गावी परतली. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत एवढेच.

चाळ कोणी रिकामी केली?

आता जे सांगायचे ते जरा कठीण आहे. "मेट्रोने गिरगाव खाल्ले" असे म्हणणारे आम्हांस पुष्कळ भेटले, आणि "मेट्रोने गिरगाव वाचवले" असे म्हणणारेही भेटले. दोन्ही खरे नाही, असे आम्हांस वाटते.

चाळी रिकाम्या होऊ लागल्या त्या भुयार खणण्याच्या फार आधी. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या सुमाराच्या पातळीवर गोठली. गरीब भाडेकरूच्या डोक्यावर छप्पर राहावे हा त्यामागचा हेतू होता, आणि ते राहिलेही. आत्यासारख्या बायकांनी त्या भाड्यावर मुले शिकवली. पण महिन्याच्या भाड्यात घरमालकाला एक खिडकीही दुरुस्त करता येईना, तेव्हा त्याने दुरुस्ती सोडून दिली. भिंतींना पिंपळ फुटले, जिन्यांना टेकू लागले. १९६९ मध्ये कायदा होऊन दुरुस्ती मंडळ आले, भाडेकरू उपकर भरू लागले. तरी इमारतींचे वय काही थांबले नाही. मग पुनर्विकास आला. जुन्या भाडेकरूस नव्या इमारतीत घर मिळे हे खरे; पण त्या इमारतीचा मासिक खर्च, वाढलेले कुटुंब आणि हाताशी आलेली मोठी रक्कम यांचे गणित मांडून अनेकांनी ते घर विकले आणि उपनगरात तीन खोल्या घेतल्या. अप्पांनीही तेच केले. "दोन खोल्यांत तीन भावांचे संसार कसे करणार होतो?" ते म्हणाले. त्यात पश्चात्ताप नव्हता. पण उत्तरही नव्हते.

भुयारी रेल्वेने जे केले ते निराळे आहे. स्थानकाची दारे, हवा आत-बाहेर खेळवणारे मार्ग, यंत्रांच्या खोल्या यांना जमिनीवर जागा लागतेच; आणि गिरगाव-काळबादेवीत जमीन म्हणजे कोणाचे तरी घर. त्यासाठी जुन्या इमारती उतरवल्या गेल्या आणि शेकडो कुटुंबांना जागा सोडावी लागली. आरंभी लोकांनी मोर्चे काढले, काळे झेंडे लावले. त्यांची मागणी एकच होती, की आम्हांस दूर कोठे टाकू नका, येथेच घर द्या. अखेरीस त्याच भागात नव्या इमारती बांधून तेथेच पुनर्वसन करायचे ठरले, आणि तोवर ही कुटुंबे दुसरीकडे भाड्याने राहावयास गेली. मुंबईसारख्या शहरात विस्थापिताला त्याच गल्लीत परत आणण्याचे वचन मिळणे, ही लहान गोष्ट नव्हे. ते लोकांनी एकजुटीने मिळवले.

परंतु वचन आणि किल्ली यांच्यामध्ये वर्षे जातात. आत्याच्या शेजारच्या वाडीत राहणाऱ्या काकूंना भेटावयास अप्पा आम्हांस घेऊन गेले. लग्न होऊन त्या आल्या तेव्हापासून गिरगाव सोडून राहिल्या नव्हत्या; स्थानकासाठी इमारत गेल्यावर त्या मुलाबरोबर भाड्याच्या घरात राहतात. त्या काळात काकांचे निधन झाले. काकूंनी आमच्यापुढे पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि विचारले, "आलात कसे? आमच्या स्टेशनावरून?" 'आमच्या' हा शब्द त्यांनी सहज वापरला. आम्ही हो म्हटले.

"चांगले आहे हो. मी दोनदा जाऊन आले. गार हवा, सरकता जिना, सगळे चांगले." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "स्टेशन आले. घर यायचे आहे. ह्यांना मात्र दोन्ही पाहायला मिळाले नाही."

त्यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. एवढेच मनात आले, की सुमारे सदतीस हजार कोटी रुपयांच्या या कामाचा हिशेब लागेल तेव्हा त्यात मिनिटे धरली जातील, मोटारींचा वाचलेला धूर धरला जाईल, आणि ते योग्यच आहे. पण काकूंनी दिलेली वर्षे कोणत्या रकान्यात मांडणार? ती मांडायची एकच रीत आहे. त्यांचे घर वेळेवर त्यांच्या हाती येणे. रेल्वेने सार्वजनिक सोयीसाठी घर मागितले. काकूंनी ते दिले. ज्याने आधी दिले त्याला शेवटी मिळावे, हा न्याय नव्हे.

दोघेही पाहुणे

परतताना आम्ही अप्पांस म्हणालो, की आम्हां इंदूरकरांना गिरगाव म्हणजे मूळ वाटे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बाहेर. पण मराठी कोठेतरी रस्त्यावर, दुकानाच्या पाटीवर, जिन्यावरच्या भांडणात जशीच्या तशी नांदते आहे, हा आम्हांला धीर असे. तेच मूळ आता हलले.

अप्पा हसले. "तुम्ही इंदूरचे, आम्ही डोंबिवलीचे. गिरगावात आता दोघेही पाहुणेच."

हे वाक्य आम्हांस प्रथम लागले, आणि मग त्याने धीरही दिला. अप्पांच्या पिढीने जे पस्तीस वर्षे केले, ते आम्ही बाहेरच्या मराठी लोकांनी दोनशे वर्षे केले आहे. वाडी मागे राहिली, तरी गणपती बरोबर नेला. नाट्यगृह नव्हते, तेथे देवळाच्या सभामंडपात नाटक बसवले. ग्रंथालय नव्हते, तेथे वर्गणी काढून कपाट घेतले. अप्पा सांगत होते, की गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावची शोभायात्रा निघते तेव्हा तिच्यात चालणाऱ्यांपैकी पुष्कळजण बोरिवली, डोंबिवली, विरारहून पहाटे निघालेले असतात. आता त्यांतले कितीतरी या भुयारातून वर येतील. ज्या दाराने काहींना गाव सोडावे लागले, त्याच दाराने बाकीचे परत येतात, असे हे स्थानक आहे. त्याला नुसते शाप देऊन वा नुसते हार घालून चालणार नाही.

आमच्या वाचकांनी याकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहू नये. हैदराबादेत सुलतान बाजाराच्या जुन्या वस्तीतून मेट्रो डोक्यावरून गेली, आणि ते स्थानक २०२० मध्ये सुरू झाले. आमच्या इंदुरात ३१ मे २०२५ रोजी मेट्रोचा पहिला टप्पा खुला झाला. तो गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, खांबांवरून जाणारा. पण राजवाड्याच्या दाट वस्तीत मार्ग जमिनीखालून नेण्याची योजना आहे. तेथेही जुने वाडे आहेत, दुकाने आहेत, आणि त्यांत आपली माणसे आहेत. गिरगावाने यातून जे शिकवले ते असे: विरोध करताना नुसते "नको" म्हणू नये, "येथेच" म्हणावे, आणि ते एकेकट्याने नव्हे, सबंध वाडीने मिळून म्हणावे. गिरगावकरांना जागच्या जागी घराचे वचन मिळाले, ते याच एका शब्दाने.

आता थोडी उपयोगाची माहिती. इंदूर-बडोद्याहून मुंबई सेंट्रलला उतरणाऱ्यांनी 'जगन्नाथ शंकरशेठ' स्थानकात उतरावे. गिरगाव तेथून दुसरे. ग्वाल्हेरहून पंजाब मेलने वा हैदराबादहून शिवाजी टर्मिनसला येणाऱ्यांसही, काळबादेवी सोडून, गिरगाव दुसरेच पडते. विमानाने येणाऱ्यांस दोन्ही विमानतळ-स्थानकांतून गाडी न बदलता येथवर येता येते. अंतरानुसार तिकीट दहा ते सत्तर रुपये. सामान बेताचे ठेवावे, आणि दिवसा यावे. वाड्या उजेडात पाहाव्यात.

संध्याकाळी आम्ही पुन्हा खाली उतरलो. फलाट दोन बाजूंचे; अप्पांची गाडी शिवाजी टर्मिनसकडची, आमची उलट दिशेची. गाडीची वेळ होईपर्यंत ते आम्हांस खडक कसा फोडला, रात्री खोल्यांतली भांडी कशी हलकेच वाजत असे काकू सांगतात, हे ऐकवत होते. पुढच्या पाडव्याला काकूंचे घर झालेले असेल तर त्यांच्याकडेच उतरायचे, असे आम्ही ठरवले. काकूंना तसा निरोप अप्पांनी तेथूनच फोनवरून दिला. पलीकडून उत्तर आले ते आम्हांसही ऐकू आले: "या. वळकट्या घालायला गॅलरी नसेल, पण जागा होईल."